‘तो’ विहार की ‘ते’ विहार?

गंगाखेड तालुक्यातील एका खेड्यातून नव्या विहाराच्या कोनशिलेचा मजकूर आमच्याकडे तपासण्यासाठी आला होता. त्यात ‘विहार बांधले’ असे होते. आम्ही ते खोडून ‘विहार बांधला’ असे केले व कारणही सांगितले : पालीत ‘विहारो’ हा शब्द पुल्लिंगी आहे. तेथे बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने विचारले, “घर ते, देऊळ ते, मग विहारच तेवढा तो कसा, सर?” याचे उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते.

पालीप्रमाणेच मराठीतही तीन लिंगे आहेत. हिंदी व उर्दूने नपुंसकलिंग टाकले. मराठी, कोकणी व गुजराती यांनी ते राखले. पालीतील घर, फल, सुत्त हे शब्द नपुंसकलिंगी. आपले घर, फळ, सूतही तसेच. परंतु वारसा सर्वत्र असा सरळ नाही. पालीतील ‘अग्गि’ पुल्लिंगी, आपली आग स्त्रीलिंगी. ‘नङ्गल’ नपुंसकलिंगी, आपला नांगर पुल्लिंगी. पालीतील लिंग हेच प्रमाण मानायचे, तर शेतकऱ्यास ‘ते नांगर’ म्हणावयास लावावे लागेल. ते धाडस आम्ही तरी करणार नाही.

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उर्दूत ‘दुकान’ स्त्रीलिंगी. मराठीत मात्र ते दुकान. ‘शहर’ उर्दूत पुल्लिंगी. मराठीत ते शहर. शब्द घेतला, पण त्याचे लिंग मराठी बोलणाऱ्यांनी स्वतः ठरविले. पुढे बस ती झाली, ट्रक तो झाला, टेबल ते झाले. त्यासाठी कोणी पंडित बसविला नव्हता.

‘लेणे’ या शब्दाचा इतिहास आमच्या वाचकांना अधिक जवळचा. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात ‘लेणं’ या शब्दामागे ‘इदं’ हे नपुंसकलिंगी सर्वनाम आहे, तर त्याच लेखात पाण्याच्या टाक्यांना ‘पोढियो’ हे स्त्रीलिंगी अनेकवचन आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांनंतरही मराठीत ‘ते लेणे, ती लेणी’ असे नपुंसकलिंगच चालते. मात्र ‘लेणी’ हे रूप ‘नदी’सारखे दिसते, म्हणून अनेक जण ‘ही लेणी कोणी कोरली आहे?’ असे एकवचनी स्त्रीलिंगात विचारतात. शाळेत त्यावर लाल रेघ पडते. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरापासूनच दूर ठेवले गेले, त्यांच्या मुलांच्या वहीत ‘अशुद्ध’ हा शेरा किती सहज लिहिला जातो, हे आम्ही अध्यापक म्हणून पाहिले आहे; तो शेरा आम्हीही लिहिला आहे.

अभिधम्मानुसार स्त्रीभाव व पुरुषभाव ही रूपे सजीवांच्या ठिकाणीच असतात. दगड, माती, लाकूड यांत ती नाहीत. अर्थात वस्तूचे लिंग हा केवळ बोलण्याचा व्यवहार. हा व्यवहार सर्वस्वी निष्पाप आहे असेही नाही. सुरा मोठा, सुरी लहान. विळा मोठा, विळी लहान. दोर जाड, दोरी बारीक. थोराला पुरुष व धाकट्याला स्त्री करण्याची ही खोड समाजातूनच भाषेत आली असावी, असे आमचे मत आहे.

मज्झिम निकायातील अरणविभङ्ग सुत्तात भगवंतांनी भांड्याचेच उदाहरण घेतले आहे. एकाच भांड्यास कोणत्या जनपदात ‘पाति’ म्हणतात, कोठे ‘पत्त’, कोठे ‘सराव’. यांतील पाति स्त्रीलिंगी, पत्त पुल्लिंगी. आपल्याच जनपदाचा शब्द खरा व बाकीचे व्यर्थ असा आग्रह भिक्खूने धरू नये, असे तेथे सांगितले आहे. हे सुत्त आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकविले. कोनशिलेचा कागद हाती असताना मात्र ते आठवले नाही.

विहार घराच्या व देवळाच्या पंक्तीत बसला आणि ‘ते’ झाला, इतकेच. ‘तो विहार’ आम्ही स्वतः लिहीत राहू. सवय जात नाही. त्या खेड्यास मात्र आम्ही दुसऱ्या दिवशी निरोप धाडला की मूळ मजकूर तसाच ठेवावा. उत्तर आले, पाथरवटाने ‘बांधले’ हे अक्षर आधीच कोरले होते.