गोव्याची रात्र तामलवाडीपर्यंत कशी पोचली?

(तामलवाडी, ता. तुळजापूर येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळल्यावर इथल्याच एका आजोबांनी आम्हाला विचारलं, "अहो, इथं पावसाचं पाणी पुरंना, आणि तुम्ही समुद्राचं काय सांगणार?" (हशा) प्रश्न रास्त आहे. इथून समुद्र गाठायचा तर भीमा ओलांडायची, कृष्णा ओलांडायची, आणि वर सह्याद्री उतरायचा. पण एक गोष्ट आठवा. सोलापूरच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक पुन्हा सुरू झाली ती ९ जून २०२५ रोजी, आणि ते पहिलं विमान गेलं गोव्याला. मुंबईची सेवा त्यानंतर सुरू झाली. त्याच्याही आधी काही काळ सोलापूरहून मुंबईला विमान उडायचं, ते किंगफिशरचं. म्हणजे बिअरचं नाव ल्यालेलं विमान. या दोन विमानांच्या मध्ये आजचा सगळा विषय बसतो.

आमचा प्रश्न साधा आहे. किनारा, तिथली रात्र, तिथली मजा ही आपल्या कोरडवाहू मुलखात इच्छा म्हणून कुणी आणली? आणि आणताना वाटेत काय काय लपवलं?

आधी जुना समुद्र पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात समुद्रावर मजेला जायची रीत सामान्य माणसात नव्हती. मुंबईच्या गिरणीत राबणारा कोकणातला चाकरमानी बोटीने गावी जायचा. डेकवर ट्रंक टाकायची, तिच्यावर डोकं ठेवायचं, आणि रात्र काढायची. रात्र होती, किनारा होता, पण त्याचा कुणी सौदा करत नव्हतं. समुद्राची भीतीही खरी होती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. देश स्वतंत्र व्हायला महिनाही उरला नव्हता. कोकणातल्या घरांत समुद्र म्हणजे हे होतं: पोटासाठी ओलांडायचं पाणी.

आता जाहिरातीकडे येऊ. मराठी माणसाला जाहिरात कळत नव्हती असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. मुंबईत १९०५ साली बी. दत्ताराम यांनी जाहिरात संस्था काढली, ती देशातल्या सर्वांत जुन्या संस्थांत मोजली जाते. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याचा नांगर आणि चरक लोकांपर्यंत पोचवायचा, हा मूळ हेतू. पण शंकररावांनी ओळखलं की नुसती जाहिरात कुणी वाचत नाही, वाचायला काहीतरी दिलं तर त्याबरोबर जाहिरातही वाचली जाते. त्या खबरेतूनच पुढे मराठीतलं एक मोठं मासिक उभं राहिलं. यात फसवणूक नव्हती. नांगर होता आणि तो नांगर म्हणूनच विकला जात होता. ही गोष्ट मनात ठेवा, कारण पुढे याच्या उलट घडणार आहे.

१९४९ साली मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला. नुसती दारू बंद केली नाही, तर तिची तारीफ करणं, तिच्याकडे लोकांना ओढणं हेही गुन्ह्यात घातलं. हा कायदा बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५१ मध्ये न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग कायम ठेवला, पण तारीफ करण्यावरची बंदी रद्द केली. भाषणस्वातंत्र्यात ती बसत नाही, असं सांगितलं. म्हणजे बघा, जाहिरात आणि दारू यांचं भांडण आपल्या राज्यघटनेइतकंच जुनं आहे.

आणि याच वेळी कायद्याच्या हद्दीपलीकडे, तेरेखोल नदी ओलांडली की गोवा. तिथे पोर्तुगीज राज्य, तिथे ही बंदी लागू नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १६ जानेवारी १९६७ ला तिथे जनमत कौल घेतला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. त्यामागे भाषा होती, जमीन होती, स्वतःची ओळख होती. कौल दारूवर झाला, असं आम्ही म्हणत नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की महाराष्ट्राच्या शेजारी निराळ्या कायद्याचा, निराळ्या कराचा एक किनारा कायम राहिला. पुढच्या साऱ्या धंद्याचा पाया हा आहे. सरहद्दीच्या दोन बाजूंना दोन भाव असले की मधल्या रस्त्यावर धंदा उभा राहतोच. इथल्या कर्नाटकच्या हद्दीजवळच्या गावांना हे आम्ही सांगायला नको. (हशा)

साठीच्या दशकाच्या शेवटी हणजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पी आले. त्यांना कुणी जाहिरात करून बोलावलं नव्हतं. पैसे संपले की त्यांनी आपल्याजवळच्या वस्तू मांडून विकल्या, त्यातून तिथला बुधवारचा बाजार मोठा झाला. १९८७ मध्ये जर्मनीहून थेट चार्टर विमानं सुरू झाली. मग किनारा हा 'माल' झाला: इतके दिवस, इतक्या रात्री, जेवणासह इतके पैसे. त्याच सुमारास 'जागृत गोंयकारांची फौज' या गटाने या पर्यटनाला रस्त्यावर उतरून विरोध केला. पाणी कुणाचं, जमीन कुणाची, किनाऱ्यावर जायची वाट कुणाची, असे त्यांचे प्रश्न होते. पर्यटनाच्या माहितीपत्रकात हे प्रश्न कुठेच छापले जात नाहीत, म्हणून आज मुद्दाम सांगितले.

इकडे आपल्या घरात काय चाललं होतं? १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती वाजू लागल्या. १ जानेवारी १९७६ पासून त्या दूरदर्शनवर दिसू लागल्या. साबण विकायचा असला तरी चित्रात धबधबा, समुद्र, वाळू. १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला. २००१ मध्ये 'दिल चाहता है' आला. तीन मित्र, एक गाडी आणि गोवा. बारदेशातल्या शापोऱ्याच्या किल्ल्याला इतिहास आहे, पण आज पर्यटक त्याला सिनेमाच्या नावाने विचारतात. कंपनीने पैसे मोजूनही एवढी जाहिरात झाली नसती.

आता कायदा आणि जाहिरात यांचा लपंडाव सुरू होतो. २००० साली केबल टीव्हीच्या नियमांत बदल करून दारू आणि तंबाखूच्या जाहिराती बंद केल्या. मग झालं काय? बाटली गेली, नाव राहिलं. त्याच नावाचा सोडा आला, त्याच नावाचं पिण्याचं पाणी आलं, गाण्यांच्या सीडी आल्या. किंगफिशरचं कॅलेंडर २००३ पासून निघू लागलं, त्यात समुद्रकिनारे आणि तरुणी. २००५ मध्ये त्याच नावाची विमानं उडू लागली. टीव्हीवर बिअर दाखवता येत नव्हती, पण आकाशात तिचं नाव दाखवायला हरकत नव्हती! (हशा) २०१२ मध्ये ती विमानं बंद पडली आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले, हाही त्याच चित्राचा न दाखवलेला भाग.

आवाजाचंही तेच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद केले. तर पाळोळेच्या किनाऱ्यावर लोक कानाला हेडफोन लावून नाचू लागले. बाहेरून बघणाऱ्याला शेकडो माणसं शांततेत उड्या मारताना दिसायची.

आणि आता हा लपंडाव तुमच्या दारात येतो. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश दिला. पुढे २० हजारांपर्यंत वस्ती असलेल्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर केलं. त्या निकालातली एक ओळ कमी लोकांच्या लक्षात राहिली: महामार्गावर दारूच्या पाट्या आणि जाहिरातीही नकोत. का? कारण रस्त्यावर माणसं मरत होती. तुमचं गाव महामार्गावर आहे, टोलनाका तुमच्या नावाचा आहे, अपघाताचा आवाज तुम्ही घरात झोपून ऐकलेला असेल. पण केरळात एका बारने काय करावं? दारापुढे भिंती उभारून वाट अशी वळवळती केली की चालत जायला ५०० मीटर भरावेत! अंतर भरलं, बार जागच्या जागी.

जून २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा आडून केलेल्या जाहिरातींवर स्पष्ट बंदी घातली. पण तोवर जाहिरात टीव्हीतून निघून फोनमध्ये शिरली होती. तुमच्याच वयाचा एक पोरगा किनाऱ्यावर उभा राहून सांगतो, "भावांनो, इथं एकदा यायलाच पाहिजे." त्याला त्याचे पैसे मिळाले की तो खरंच खूश आहे? २०२१ पासून जाहिरातदारांच्या स्वनियमन संस्थेचा नियम आहे की पैसे घेतले असतील तर तसं लिहायचं. लिहितात किती जण, ते तुम्हीच आज रात्री फोन उघडून मोजा. शंकररावांच्या खबरेत नांगर उघड होता, इथे माल कोणता आणि गिऱ्हाईक कोण हेच कळत नाही.

आता आम्हाला ज्यासाठी इथे यावंसं वाटलं, ते सांगतो. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास गोव्यात हडफडे गावी एका नाइट क्लबला आग लागली. २५ माणसं गेली. त्यांत पर्यटक थोडे होते, बहुतेक तिथे काम करणारे होते. स्वयंपाकघरातले, तळघरात अडकलेले. कुणी उत्तराखंडचा, कुणी झारखंडचा, कुणी आसामचा, कुणी नेपाळचा. समुद्र नसलेल्या मुलखांतली पोरं, अगदी आपल्यासारखी. क्लबच्या जाहिरातीत दिवे दिसतात, पाणी दिसतं, नाचणारे दिसतात. भांडी घासणारा दिसत नाही, आणि बाहेर पडायचा दरवाजा किती रुंद आहे तेही दिसत नाही. आपल्या भागातून पोरं हॉटेलच्या कामाला बाहेर जातात. त्यांच्या आईबापांनी पगाराआधी दरवाजा विचारावा, एवढं आमचं मागणं आहे.

मजा करू नका, असं सांगायला आम्ही आलो नाही. समुद्र बघण्यासारखाच आहे, ज्याला जमेल त्याने जरूर जावं. फक्त आपल्या गावाला रात्र नाही, असं समजू नका. अश्विनी पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला लोक चालत निघतात. गाड्या बंद, रस्ता माणसांचा. आयाबाया, पोरं, म्हातारी माणसं चांदण्यात तामलवाडीवरून पुढे जातात. वाटेत कुणी चहा देतं, कुणी केळी देतं, कुणी पाय चेपून देतं. या रात्रीचं तिकीट नाही. किती पिढ्या ती जाहिरातीशिवाय भरते आहे! आता तिथेही फ्लेक्स लागतात, चहाच्या मांडवावर देणाऱ्याच्या फोटोची उंची दरवर्षी वाढते. (हशा) जाहिरात इथेही पोचली आहेच.

येत्या पौर्णिमेला त्या फ्लेक्सखाली उभं राहून बघा, चहा उकळणारा माणूस फोटोत आहे का. नसेल तर त्याचं नाव विचारा. गोव्याला गेलात तर तिथेही विचारा.

वेळ झाला. मागच्या पोरांनी प्रश्न विचारले तर आम्हाला जास्त आवडेल.