महानगरपालिकेचा अर्थसंकल्प (महाराष्ट्र)

महानगरपालिकेच्या वार्षिक जमाखर्चाचा अंदाज. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे, तर पुणे, नाशिक आदी शहरांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चालतो. या अधिनियमानुसार आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात. सोळा सदस्यांची ही समिती त्यात फेरबदल करते आणि मग ते सर्वसाधारण सभेकडे जाते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते.

मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि शासकीय अनुदान ही उत्पन्नाची मुख्य साधने होत. जकात हा एके काळचा मोठा आधार होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईतील जकातही संपली. तेव्हापासून राज्याच्या भरपाईवरील भिस्त वाढली, ही स्वायत्ततेच्या दृष्टीने चिंतेची बाब आहे. खर्च पाणीपुरवठा, मलनिस्सारण, कचरा, रस्ते, दवाखाने आणि शाळांवर होतो.

विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवून सुनावणी घेणे १९६६ च्या नगररचना कायद्याने बंधनकारक आहे. अंदाजपत्रकाच्या बाबतीत नागरिकांचा सहभाग मात्र बराचसा पालिकेच्या इच्छेवर राहतो. म्हणूनच पुण्याने २००६ मध्ये सुरू केलेला उपक्रम मोलाचा ठरतो : पदपथ, दिवे, बसथांबे अशी आपल्या प्रभागातील छोटी कामे रहिवासी अर्ज भरून सुचवतात.

२०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक पालिकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. त्या काळात अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा प्रशासक एकच होता.