डिस्क गोल्फमधला ‘एस’: होल छोटे केलेले असेल तर तो धरायचा का?

डिस्क गोल्फ म्हणजे चेंडू आणि काठीऐवजी तबकडीने खेळायचे गोल्फ. टी-पॅडवरून तबकडी फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत साखळ्या लटकवलेल्या लोखंडी टोपलीत घालायची. जमिनीत खड्डा कुठेच नसतो, तरी टी-पॅडपासून टोपलीपर्यंतच्या अंतराला गोल्फच्या सवयीने ‘होल’च म्हणतात. पहिल्याच फेकीत तबकडी टोपलीत विसावली की झाला ‘एस’. टेनिसमध्ये बिनतोड सर्व्हिसला वापरतात तोच हा शब्द.

कित्येक हौशी खेळाडूंच्या वाट्याला वर्षानुवर्षे खेळूनही एखादाच एस येतो. त्यामुळे त्याचे अप्रूप मोठे. सोबतचे खेळाडू त्या तबकडीवर सह्या करतात, तारीख आणि होलचा क्रमांक लिहितात. अनेक जण ती तबकडी पुन्हा खेळायला काढतच नाहीत, भिंतीवर लावतात. म्हणूनच एखाद्या कार्यक्रमासाठी होल मुद्दाम छोटे केलेले असताना एस पडला, की आनंदाच्या पाठोपाठ प्रश्न येतो: हा धरायचा का?

होल छोटे का करतात?

कारणे बहुतेक वेळा साधी असतात. नेहमीच्या टी-पॅडवर पाणी साचलेले असते, किंवा झाडे पडून वाट बंद झालेली असते. अमेरिकेत ऐन हिवाळ्यात गरजूंच्या अन्नासाठी निधी उभा करणारे ‘आइस बोल’ नावाचे सामने होतात. बर्फात तबकड्या हरवतात आणि दिवसही लहान, म्हणून काही ठिकाणी टी पुढे आणतात. रात्री दिवे लावलेल्या तबकड्यांनी खेळतात तेव्हाही तसेच. नवशिक्यांच्या किंवा मुलांच्या स्पर्धेत अंतर कमी ठेवले नाही, तर अर्धा वेळ तबकड्या शोधण्यातच जातो.

यापेक्षा वेगळा प्रकार म्हणजे ‘एस रेस’. डिस्क्राफ्ट या तबकड्या बनवणाऱ्या कंपनीने तो लोकप्रिय केला. तिथे होल छोटीच आखतात, एका होलवर एकच फेक मिळते आणि किती एस पडले, किती वेळा तबकडी टोपलीला नुसती लागली, एवढेच मोजतात. एस पडावेत म्हणूनच तो खेळ मांडलेला असतो. पावसामुळे एक टी पुढे आणणे आणि सगळे मैदानच एससाठी आखणे, या दोन गोष्टी एका तराजूत घातल्या की वाद निष्कारण वाढतो.

नियम काय सांगतो?

या खेळाचे नियम पीडीजीए ही संघटना ठरवते. तिची स्थापना 1976 मध्ये एड हेड्रिक यांनी केली. त्याच्या आदल्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी डिस्क गोल्फचे पहिले कायमचे मैदान आखले होते. तिथे लक्ष्य म्हणून नुसते खांब होते, आणि तबकडी खांबाला लागली की नाही यावर खेळाडूंची हुज्जत चाले. साखळ्यांची टोपली हेड्रिक यांनी पुढे तयार केली आणि ती हुज्जत संपवली. ‘पडला की नाही’ हा वाद टोपलीने सोडवला. ‘धरायचा की नाही’ हा मात्र तिच्या हातात नाही.

नियमपुस्तकात एससाठी किमान अंतराची अट नाही. होल जसे जाहीर झाले तसे खेळायचे आणि फेकी मोजायच्या. आयोजकाने टी पुढे आणून ती सर्वांसाठी जाहीर केली असेल, तर तिथून पहिल्या फेकीत गेलेली तबकडी स्कोअरकार्डवर 1 म्हणूनच लिहिली जाते. उलट, एखादा खेळाडू आपल्या मनाने पुढच्या टीवर उभा राहिला, तर तो नियमभंग ठरतो. तबकडी टोपलीत गेली तरी तो एस नव्हे. म्हणजे नियमाच्या दृष्टीने अंतर गौण आहे. जाहीर झालेल्या जागेवरून फेक झाली का, एवढेच तो विचारतो.

मूळ गोल्फमधली भूमिकाही अशीच आहे. अमेरिकेतली यूएसजीए ही संस्था ‘होल-इन-वन’ मानायचा की नाही, हे त्या-त्या समितीवर सोडते. पण तिच्या मार्गदर्शनानुसार तात्पुरते टी किंवा ग्रीन वापरात असले तरी तो मानायला हरकत नाही. मैदान पूर्ण लांबीचे असलेच पाहिजे असे नाही. फेरी निदान नऊ होलची असावी, खेळात एकच चेंडू असावा आणि कोणीतरी साक्षीदार असावा, यावर तिचा भर आहे.

मग आक्षेप कशाला?

आक्षेप पोकळ नाही. टोपलीच्या साखळ्यांची रुंदी सुमारे अर्धा मीटर धरली, तर 90 मीटरवरून ती एक तृतीयांश अंशापेक्षाही कमी कोनात मावते. 30 मीटरवरून तोच कोन जवळपास एक अंश होतो. म्हणजे आडव्या दिशेने चुकायला तिप्पट मुभा, उभ्या दिशेनेही तिप्पट. नुसत्या भूमितीने लक्ष्य नऊपट मोठे झाले. शिवाय लांबच्या फेकीत तबकडी वेग ओसरताच एका बाजूला वळते आणि वाऱ्याला जास्त वेळ सापडते. 30 मीटरवर हा त्रास फारसा नसतो. त्यामुळे दोन्ही एस सारखेच, असे कोणी म्हणत असेल तर ते पटणारे नाही.

इथे धावण्याच्या शर्यतींची व्यवस्था उपयोगी पडते. 100 मीटरच्या शर्यतीत पाठीमागून वारा सेकंदाला 2 मीटरपेक्षा जास्त असला, तर विजेता विजेताच राहतो, पदकही मिळते. पण ती वेळ विक्रम म्हणून धरत नाहीत. निकाल एक आणि विक्रम दुसरा. क्रिकेटमध्ये तर दोर आत घेतलेला असला तरी सहाच धावा मिळतात. पण बॉक्स क्रिकेटमधले षटकार आणि मोठ्या मैदानावरचे षटकार कोणी एका यादीत लिहीत नाही.

पैशाची गोष्ट वेगळी

खरी भांडणे होतात ती पैशावरून. स्थानिक सामन्यांत आणि साप्ताहिक लीगमध्ये ‘एस पूल’ असतो. ज्यांची इच्छा असेल ते एखादा-दुसरा डॉलर टाकतात आणि एस पडला की रक्कम त्या खेळाडूला मिळते. कोणाचाच पडला नाही तर बऱ्याच लीगमध्ये रक्कम पुढच्या आठवड्यात जाते. अशी दोन महिने साठलेली रक्कम एका संध्याकाळी, पाणी साचले म्हणून 35 मीटरवर आणलेल्या होलवर कोणी उचलली, तर आधी पूर्ण अंतरावरून फेकत पैसे टाकणाऱ्यांना ते खुपणारच. तरीही तबकडी पडल्यानंतर ‘हे होल पुलात नव्हते’ असे सांगणे हा सरळ अन्याय आहे. ते पहिल्या फेकीआधीच सांगायला हवे. छोटे होल पुलातून वगळावे, किंवा त्या दिवसाचा पूल वेगळा ठेवावा. दोन्ही मार्ग रास्त आहेत. गोल्फमध्ये होल-इन-वनला मोटार ठेवतात तेव्हा आयोजक विमा उतरवतात आणि करारातच किमान अंतर लिहिलेले असते. टी त्याच्या पुढे आणला तर विमा कंपनी पैसे नाकारू शकते.

वैयक्तिक यादीत काय लिहावे?

इथे कोणाची परवानगी लागत नाही. सर्वांसाठी जाहीर झालेल्या होलवर, फेरी चालू असताना, पहिल्याच फेकीत पडलेला एस यादीत घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त शेजारी अंतर लिहावे. एस रेसमधले एस वेगळ्या रकान्यात ठेवलेले बरे. फेरी संपल्यावर गंमत म्हणून फेकलेल्या पाचव्या तबकडीचा एस मात्र यादीत बसत नाही, मग अंतर 100 मीटर का असेना.

यूडिस्कसारख्या ॲपवर स्कोअर ठेवणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. एकाच मैदानाचे लांब आणि छोटे असे वेगवेगळे लेआउट ॲपमध्ये असतात. त्या दिवशीचा लेआउट निवडला नाही, तर 40 मीटरचा एस 95 मीटरच्या होलच्या नावावर जमा होतो. तबकडीवर सह्या घेतानाही तारखेशेजारी मीटरचा आकडा लिहून घेता येतो.