खिशात मावणारं स्वस्त पिस्तूल घ्यायचंय? डहाणू-तलासरीत कायदा काय सांगतो, खर्च किती येतो?

घोलवड-बोर्डीच्या वाड्यांमध्ये घरं एकमेकांपासून लांब. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर रात्रभर वर्दळ. पलीकडे गुजरात आणि दादरा-नगर हवेलीची हद्द. चोरीची एखादी बातमी व्हॉट्सॲपवर फिरली की प्रश्न येतोच : स्वतःच्या संरक्षणासाठी एखादं छोटं, स्वस्त पिस्तूल घेता येईल का?

घेता येतं. मात्र भारतात आधी परवाना मिळवावा लागतो आणि शस्त्राची निवड त्यानंतर होते. या पट्ट्यात जे 'स्वस्तात' मिळतं म्हणून सांगितलं जातं, ते सगळ्यात महागात पडू शकतं.

परवाना कोण देतं?

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार परवान्याशिवाय पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगता येत नाही. पालघर जिल्ह्यात दोन व्यवस्था आहेत. वसई तालुका १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहे, त्यामुळे तिथला परवाना पोलीस आयुक्त देतात. डहाणू आणि तलासरी ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतात, म्हणून इथल्या रहिवाशांचा अर्ज जिल्हाधिकारी म्हणजेच जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो.

अर्जदाराचं वय किमान २१ वर्षं हवं. ओळख आणि पत्त्याच्या पुराव्यासोबत शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र लागतं. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाची तरतूदही नियमांत आहे. त्यानंतर डहाणू, वाणगाव, कासा, घोलवड किंवा तलासरी, जे पोलीस ठाणं तुमचं असेल तिथून चौकशी होते. गुन्हे, शेजाऱ्यांशी वाद, खरंच धोका आहे का, हे सगळं पाहिलं जातं.

'भीती वाटते' एवढं कारण सहसा पुरत नाही. व्यवसायामुळे किंवा अन्य कारणाने जीविताला वा मालमत्तेला खरा धोका आहे, हे दाखवावं लागतं. धमकी आली असेल तर त्याची पोलिसांत दिलेली तक्रार, रोकड ने-आण करत असाल तर व्यवसायाची कागदपत्रं, ही अर्जाची खरी ताकद. अर्ज नाकारला तर वरिष्ठ प्राधिकरणाकडे अपील करता येतं. शेतरक्षणासाठी मिळणारा बंदुकीचा परवाना वेगळा असतो, त्यावर पिस्तूल घेता येत नाही.

कोणतं शस्त्र घेता येतं?

इंटरनेटवर दिसणारी परदेशी 'पॉकेट पिस्तुलं' बहुतेक ९ मिमीची असतात. भारतात ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे सामान्य नागरिकासाठी तो पर्याय जवळपास बंदच. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्यावर प्रामुख्याने .३२ आणि .२२ बोअरची शस्त्रं घेता येतात. सर्वसामान्यांसाठी आयातही बंद असल्याने देशात असलेली जुनी परदेशी पिस्तुलं लाखोंच्या भावाने विकली जातात.

उरतात ती देशात बनलेली. त्यातली काही :

- निडर : .२२ बोअरचं रिव्हॉल्व्हर, वजन सुमारे २५० ग्रॅम. बाजारात आलं तेव्हा किंमत ३५ हजारांच्या आसपास. खिशात मावणारं आणि परवडणारं म्हणून याचंच नाव पुढे येतं.
- निर्भीक : .३२ बोअर, वजन सुमारे ५०० ग्रॅम. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलं गेलं. तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये.
- अशनी : आयुध निर्माणीचं .३२ बोअरचं पिस्तूल.
- प्रबळ : २०२३ मध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीने आणलेलं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर. वजन सुमारे ७०० ग्रॅम, म्हणजे खिशापेक्षा कमरेच्या होल्स्टरला योग्य.

वरच्या किमती त्या-त्या वेळच्या आहेत. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर ४० टक्के जीएसटी लागतो. काडतुसं, होल्स्टर, कुलूपबंद पेटी आणि सराव यांचा खर्च वेगळा.

पहिल्यांदाच शस्त्र घेणाऱ्यासाठी रिव्हॉल्व्हर समजायला सोपं असतं : सिलिंडर उघडला की गोळ्या आहेत की नाहीत ते लगेच दिसतं. पिस्तुलात मॅगझिन काढल्यावरही नळीत एक गोळी राहू शकते. घरात मुलं असतील तर हा फरक फार मोठा आहे. हलकं शस्त्र बाळगायला सोपं, पण त्याचा झटका हाताला जास्त जाणवतो आणि आखूड नळीने नेम धरणं अवघड जातं. सराव करणार नसाल तर निवडीला अर्थ उरत नाही.

'कट्टा' किती स्वस्त?

गावठी कट्टा परवान्याशिवाय, कमी पैशांत मिळतो असं सांगणारे भेटतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आणि दंड अशी आहे. बेकायदा शस्त्र बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. शिवाय असा कट्टा चालवणाऱ्याच्याच हातात फुटण्याचा धोका असतो. 'संरक्षणासाठी घेतला' हा त्यावरचा बचाव नाही.

आच्छाड ओलांडलं तर?

इथल्या लोकांनी हा मुद्दा आवर्जून लक्षात ठेवावा. परवान्यावर तो कुठे लागू आहे ते क्षेत्र लिहिलेलं असतं. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर आच्छाडच्या पुढे गुजरातमध्ये किंवा खानवेल-सिल्वासाकडे ते शस्त्र नेता येत नाही. रेल्वेने घोलवडच्या पुढे गेल्यावर लागणारं उंबरगाव रोड स्टेशनही गुजरातमध्येच. रोजचा व्यवहार हद्दीपलीकडे असेल तर क्षेत्रवाढीची परवानगी आधी घ्या.

सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेली हवी. लग्नात-वरातीत हवेत गोळीबार केला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जाऊ शकतं. परवाना ५ वर्षांचा असतो आणि दिलेला परवाना काढूनही घेता येतो. डिसेंबर २०२४ मधल्या मस्साजोगच्या सरपंच हत्येनंतर बीड जिल्ह्यात परवान्यांची तपासणी झाली आणि अनेक परवाने निलंबित किंवा रद्द झाले.

गोळी कधी झाडता येते?

भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. वाडीतून चिकू चोरून पळणाऱ्यावर गोळी झाडली तर तुम्हीच आरोपी ठरू शकता.

या तालुक्याने अफवेची किंमत पाहिली आहे. लॉकडाऊनमध्ये चोर फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाची हत्या केली. ते चोर नव्हते. अंधारात समोर कोण आहे याची खात्री नसताना हातात शस्त्र असणं म्हणजे काय, हे इथे वेगळं सांगायला नको.

मग आधी काय करावं?

धमकी आली असेल तर लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. अर्जासाठी तीच उपयोगी पडते. अडचणीच्या वेळी ११२ वर फोन करा. अंगणात उजेड, मजबूत कडी, सीसीटीव्ही आणि शेजाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप यांना परवाना लागत नाही. पेपर स्प्रेलाही लागत नाही, आणि तो काही शे रुपयांत मिळतो.

एवढं करूनही धोका खरा असेल, तर अर्ज करा. परवाना हातात आल्यावर मान्यताप्राप्त विक्रेत्याकडूनच, बिलावर शस्त्र घ्या.