शहाजीराजांचा रेझ्युमे

पाच वर्षांत तिसरी कंपनी धरली, तेव्हा शेवगावला घरी ऐकावं लागलं, "कुठं टिकतच नाहीस." मला शहाजीराजे आठवले. १६२४ साली आपल्याच जिल्ह्यात, भातवडीला ते निजामशाहीकडून लढले. भाऊ शरीफजी तिथेच पडले. मग आदिलशाही, परत निजामशाही. १६२९ मध्ये निजामशहाने सासरे लखुजी जाधवरावांना दरबारात बोलावून मारलं, तेव्हा राजे मोगलांकडे गेले. तिथूनही परतले आणि एका लहान मुलाला गादीवर बसवून बुडती निजामशाही लढवली. सरदाराची फौज स्वतःची, त्यामुळे धनी बदलला तरी माणसं सोबत. १६३६ नंतर मात्र मरेपर्यंत आदिलशाहीच. १६४८ ची कैदही तिथलीच!

आईला सांगितलं. म्हणाली, "त्यांच्यामागं फौज होती. तुझ्यामागं घराचा हप्ता आहे."