जुन्या मोटारीतील नवे गाणे

मोटारीत बसून गाणे ऐकणे आज इतके सहज झाले आहे की, यासाठी एके काळी केवढा खटाटोप करावा लागे हे ध्यानातही येत नाही. अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्व्हिन यांनी मोटारीत बसविण्याचा रेडिओ बाजारात आणून त्यास ‘मोटोरोला’ हे नाव दिले. हा रेडिओ मोटारीबरोबर येत नसे, मागाहून जोडावा लागे. ज्यास आज आपण ‘मूळचा रेडिओ’ म्हणून जपतो, तोही आरंभी वरून दिलेली जोडच होता.

त्याची रचना मोठी मौजेची होती. आतील काचेच्या वाल्व्हांना दोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागे आणि मोटारीची बॅटरी तर अवघी ६ व्होल्टची! म्हणून व्हायब्रेटर नावाची एक पोलादी जीभ वेगाने थरथरवून प्रवाह तोडीत व जोडीत आणि रोहित्रातून त्याचा दाब वाढवीत. बटन फिरविल्यावर प्रथम बारीक गुणगुण आणि वाल्व्ह तापल्यावर गाणे, असा क्रम असे. १९५५ साली क्रायस्लर कंपनीने केवळ ट्रान्झिस्टरांवर चालणारा संच देऊ केला, तेव्हा ही गुणगुण संपण्याच्या मार्गास लागली.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम डॉज व प्लिमथ या अमेरिकन घराण्यातील गाड्या बाहेर पडल्या. पुढे फियाट आली. तिच्या एका गुटगुटीत अवतारास महाराष्ट्राने ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. नाव ओबडधोबड असले तरी त्यातील माया खोटी नव्हे. त्याच काळात, १९५५-५६ साली, पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर-फडके यांचे गीतरामायण प्रसारित झाले. तेच गाणे आज त्याच काळच्या गाडीत ऐकावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

परंतु या हौसेनेच पुष्कळ गाड्यांचा घात केला आहे. फिलिप्स कंपनीची कॅसेट १९६३ साली अवतरली. तिची यंत्रे पुढे घरोघर पोहोचली, तेव्हा कानस व ड्रिल घेऊन डॅशबोर्डास चौकोनी खिंडार पाडणे आणि दरवाजांत कर्ण्यांसाठी भोके घेणे हा रिवाजच पडला. आमच्या निफाडच्या एका द्राक्षबागाईतदारांची जुनी फियाट मी पाहिली आहे. यंत्र केव्हाच नाहीसे झाले, खिंडार राहिले, आणि दरवाजातील भोकांच्या कडेने प्रत्येक पावसाळ्यात गंज थोडा थोडा आत सरकत आहे. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म १८४२ साली याच निफाडचा. नव्याची जोड देताना जुन्याचा धागा तोडू नये, हे त्यांचे समाजाविषयीचे धोरण मोटारमिस्त्रींनीही ऐकले असते तर बरे झाले असते!

आता सरकारनेही या मूळ रूपास मान दिला आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी ठरविली. मात्र चासी, बाह्य कवच व एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट घातली.

मग गाणे ऐकावे कसे? कित्येक जण खिशातील एफ.एम. प्रक्षेपक सुचवितात, पण ज्या संचास केवळ मध्यम लहरी कळतात त्यास तो निरुपयोगी. दुसरे कोणी जुन्या पेटीतील सारी आतडी काढून तिच्यात नवे यंत्र भरतात. मला हे रुचत नाही. त्यात तबकडी तेवढी जुनी उरते.

स्वतःच्या बॅटरीवर चालणारा लहानसा ब्लूटूथ कर्णा आसनाखाली ठेवावा, हा सर्वांत निरुपद्रवी मार्ग होय. पण जुन्या रेडिओच्याच कर्ण्यातून गाणे यावे असा हट्ट असेल, तर स्वतंत्र बॅटरीच्या ब्लूटूथ ग्राहकाचा ध्वनी, मध्ये कपॅसिटर घालून, संचातील आवाजाच्या बटनापाशी आणून सोडता येतो. एक-दोन डाख पुरतात, भोक एकही लागत नाही. मात्र हे काम जाणत्या कारागिराकडूनच करवावे. वाल्व्हसंच बंद केल्यावरही त्यातील कंडेन्सर झटका देऊ शकतात.

मोटारीच्या बॅटरीवरून ग्राहकास प्रवाह देण्याचा मोह टाळावा. जुन्या डॉज-प्लिमथ गाड्या केवळ ६ व्होल्टच्याच नव्हेत, तर त्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. आजची उपकरणे ऋण टोक सांगाड्यास आहे असे धरून चालतात. अशा गाडीत नव्या उपकरणाचा धातूचा डबा सांगाड्यास टेकला की तारा जळावयास वेळ लागत नाही. ग्राहक घरीच भारित करून आणावा.

काम झाल्यावर कोणती तार कोठे जोडली याचा कागद आणि काढलेले जुने स्क्रू एका पाकिटात घालून ते गाडीच्या नोंदणीपुस्तकाजवळ ठेवावे. गाडीच्या पुढील धन्यास ते लागेल.