हातमागावरील शरीर आणि तरफ

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी भवानी पेठेसह सोलापूरच्या पूर्व भागात माग रोवले आणि 1877 मध्ये गिरणी उभी राहिल्यावरही घराघरांतला हातमाग दीर्घकाळ टिकला. खड्डामागावर विणकर काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो व पावडी दाबतो. तेव्हा उभे धागे वरखाली विभागले जाऊन धोट्याला वाट मिळते. पावडी ही तरफ, म्हणजे टेकूभोवती फिरणारा दांडा. पण तिला दाबणारे पाऊलही तरफच आहे. घोटा हा टेकू, मागे टाचेला जोडलेली पोटरी हे बल आणि पुढे चवड्याखालची पावडी हा भार, म्हणजे टेकू मधोमध असल्याने ती पहिल्या प्रकारची तरफ ठरते.

हाताचे गणित निराळे. कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर दंडाचा स्नायू जोडलेला असतो, तर तळहात त्याच्या कितीतरी पट दूर असतो. त्यामुळे या तिसऱ्या प्रकारच्या तरफेत स्नायूला भाराच्या अनेक पट जोर लावावा लागतो, मात्र त्याच्या थोड्याशा आकुंचनाने तळहात मोठे अंतर झपाट्याने कापतो. 1733 मध्ये जॉन के यांनी पेटंट घेतलेल्या झटक्याच्या धोट्याने याच वेगाचा उपयोग केला: दोरीला हिसका देताच धोटा पलीकडे जातो. गोलंदाज व भालाफेकपटू यांनाही हीच लांब भुजा उपयोगी पडते. यंत्रमागाने पुढे पावडी व हिसका दोन्ही विजेच्या मोटारीवर सोपवले. विणकराकडे मुख्यतः तुटलेला धागा जोडण्याचे व मागावर लक्ष ठेवण्याचे काम उरले.